स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, आणि तीत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले. थोर स्त्रिया म्हटल्या की जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे आपल्या ओठांवर असतात, आणि ती असावीतच. पण आज मी ज्या बाईंविषयी लिहिणार आहे, त्यांनी राज्य केले नाही, शाळा काढली नाही, की सभा गाजवल्या नाहीत. त्यांनी संसार केला, आणि म्हातारपणी त्या संसाराच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या आठवणींचे पुस्तक मराठीतल्या उत्तमातल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि ते पुस्तक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाई जन्माने ब्राह्मण, आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. हे वाचून काही भगिनींच्या मनात येईल की, आपण देवपूजा, व्रतवैकल्ये करणाऱ्या बायका. दुसऱ्या धर्मात गेलेल्या बाईचे चरित्र आपण कशाला वाचावे? ही शंका मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर मी आरंभी देत नाही. चरित्र वाचून झाले की ज्या-तीने ते आपल्या मनाशी द्यावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात झाला. हे गाव गोदावरीच्या काठी आहे. तीच गोदावरी पुढे आपल्या नांदेडला येते, आणि सहस्रकुंडावरून उड्या घेत जाणारी आपली पैनगंगाही वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून अखेर तिलाच मिळते. तेव्हा पाण्याच्या नात्याने लक्ष्मीबाई आपल्याला काही परक्या नाहीत. माहेरचे आडनाव गोखले, आणि नाव मनकर्णिका. घरी त्यांना मनू म्हणत.

मनूचे बालपण सोवळ्याच्या धाकात गेले. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या घटनेचा धक्का तिच्या वडिलांच्या मनाला असा बसला की, त्यांना सोवळ्या-ओवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा नियम झाला. धान्य तर धुवायचेच, पण मीठ आणि साखरसुद्धा धुवायची! मीठ धुतले तर हातात काय उरणार, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरात खायला असून पोरांनी उपाशी राहावे, आणि माउलीने सर्व निमूट सोसावे, असा तो प्रकार होता. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे लिहिले, पण वडिलांवर राग धरून लिहिले नाही. वाचताना हसू येते, आणि हसता हसता डोळे भरून येतात. अशी त्यांची लिहिण्याची रीत आहे.

१८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरदेव होते नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. म्हणजे लग्नात त्यांचे वय अठरा-एकोणीस. (लोकमान्य टिळक वेगळे, हे येथे सांगून ठेवते.) नारायणराव बुद्धीने तल्लख, संस्कृतात निष्णात, वक्ते आणि जन्मजात कवी होते. पण पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज नोकरी धरली, उद्या सोडली. मनात आले की उठले आणि चालू लागले. बायको कोठे, घरात काय आहे, याची चौकशी नाही. कोणी गरजू भेटला की असेल ते त्याला देऊन मोकळे. राग तर नाकाच्या शेंड्यावर, आणि राग ओसरला की लहान मुलासारखा जीव लावणार. अशा माणसाशी संसार करणे म्हणजे काय, ते ज्या बाईने केले तिलाच ठाऊक.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. पोटची काही मुले लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला देवदत्त म्हणजे दत्तू हा जगला. या काळात टिळकांचे नागपूर, राजनांदगाव असे फिरणे चालू होते. नागपूरला ते ‘ऋषि’ नावाच्या मासिकाचे काम पाहत. आपल्या देशातील जातिभेद, रूढी आणि दारिद्र्य यांवर त्यांचा विचार सारखा चाले, आणि माणसामाणसांना जोडणारा धर्म कोणता हा प्रश्न त्यांना छळी.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एक गोरे मिशनरी गृहस्थ टिळकांना भेटले. कवितेवरून बोलणे निघाले आणि धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना ‘नवा करार’ हे ख्रिस्ती लोकांचे धर्मपुस्तक भेट दिले. टिळक वाचू लागले. येशू ख्रिस्ताने डोंगरावर बसून लोकांना केलेला उपदेश त्यांत आहे. तो वाचताना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडत आहेत असे टिळकांना वाटू लागले. वैऱ्यावरही प्रेम करावे, दान गुप्त असावे, दुसऱ्याचे दोष पाहण्याआधी आपले पाहावे, असा त्या उपदेशाचा मथितार्थ आहे. आपल्या संतांच्या शिकवणीशी त्याचे किती जवळचे नाते आहे, हे आपल्याही ध्यानात येईल. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या काळी धर्म बदललेला माणूस घराला आणि जातीला मेल्यासारखाच असे. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, पण संसार नाही. सवाष्ण म्हणावे तर नवरा जातीबाहेर, विधवा म्हणावे तर नवरा हयात. दुःखाने त्यांचे मन काही काळ ठिकाणावर राहिले नाही. पदरात चार वर्षांचा दत्तू. माहेरच्या माणसांनी, विशेषतः बहिणीने आणि मेहुण्यांनी, त्यांना सांभाळले. पंढरपुरास विठोबाच्या गावी त्या बहिणीच्या घरी राहिल्या. तेथून टिळकांची पत्रे येत आणि इकडून जात. याच विरहाच्या काळात त्यांना कविता सुचू लागली, हेही एक नवलच.

येथे थांबून एक विचार करण्याजोगा आहे. आपल्या बायकोला विश्वासात न घेता टिळकांनी एवढे मोठे पाऊल टाकले, हे बरोबर झाले काय? मला विचाराल तर, त्यांचा विचार कितीही थोर असला तरी त्याचा भार न विचारता बायकोच्या डोक्यावर पडला, हे खरेच आहे. देव, देश आणि कला यांच्यासाठी पुरुष घर सोडतो आणि लोक त्याला थोर म्हणतात. मागे चूल कोण पेटती ठेवते, ते विचारायला कोणी येत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात नवऱ्याचे हे वागणे झाकून ठेवलेले नाही, आणि त्यावरून त्याला दोषही देत बसल्या नाहीत. घडले ते घडले तसे सांगितले. प्रेम करावे पण डोळे मिटून करू नये, हे त्यांच्यापासून शिकावे.

चार-पाच वर्षे अशी गेली. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नवऱ्याकडे अहमदनगरला आल्या. (या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या असे मात्र नव्हे. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबरच आले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, देव वेगळे. टिळकांनीही त्यांना कधी बळे ओढले नाही. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस या एका बाबतीत कमालीचा धीराचा निघाला. बायकोने आपल्या मागून यावे अशी त्याची इच्छा होती, पण यायचे तर तिच्या मनाने यावे, नवरा म्हणतो म्हणून नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

आणि लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या मनानेच. त्यांची वाट ग्रंथांतून गेली नाही. ती गेली पाण्याच्या तांब्यातून. लहानपणापासून ज्या सोवळ्याने त्यांना उपाशी ठेवले, त्याच सोवळ्याचा त्या मनाशी विचार करू लागल्या. माणसे सारखीच जन्मतात, सारखीच मरतात. मग अमुक उच्च आणि तमुक नीच हे ठरवले कोणी? देवाने की माणसाने? विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की, हे भेद माणसाने केलेले आहेत. एकदा मनाला पटले, मग त्या अडल्या नाहीत. ज्यांची सावलीही टाळायची असे शिकवले होते, त्यांच्या हातचे त्यांनी अन्नपाणी घेतले. प्रथम जातीची भिंत पडली, आणि मग ख्रिस्ताकडे जाण्याची वाट त्यांना मोकळी झाली. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

भगिनींनो, जातीची ही भिंत आपल्या गावोगावच्या विहिरींवर आणि पाणवठ्यांवर किती वर्षे उभी होती, ते आपल्या थोरल्या बायकांना आठवते. ती पाडण्यासाठी धर्म बदलावाच लागतो असे नाही. आपल्याकडे एकनाथ महाराजांनी पैठणास हेच सांगितले. पण ती पाडावी लागते, आणि ती घरातल्या बाईने आपल्या माठापाशी पाडल्याशिवाय खरी पडत नाही, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रावरून समजते.

१८९९-१९०० चा दुष्काळ फार भयंकर होता. नगर जिल्ह्यात माणसे अन्नावाचून मेली, पोरे अनाथ झाली. टिळकांचे घर मग त्यांचे दोघांचे राहिलेच नाही. अनाथ मुले, आश्रित, विद्यार्थी, पाहुणे यांचा राबता सदाच असे. टिळक कोणालाही हाताला धरून घरी आणीत, आणि त्याच्या पानात काय वाढायचे याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची! ज्यांना एके काळी परक्याचा स्पर्श चालत नव्हता, त्याच बाई आता परक्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घालू लागल्या. धर्म बदलला म्हणजे नेमके काय बदलले, असे कोणी विचारले तर हे दाखवावे.

या घरात आलेल्या पोरांपैकी एक पुढे साऱ्या महाराष्ट्राचा लाडका झाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. ते नगरला टिळकांकडे राहिले, आणि टिळक पती-पत्नींनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. त्यांचे हट्ट आणि रुसवे लक्ष्मीबाईंनी फार गोड रंगवले आहेत. बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, ऐन तारुण्यात.

टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर आपली मराठी सोडली नाही, की संतांची वाट सोडली नाही. चर्चमध्ये तोवर इंग्रजी चालींची गाणी फार. त्यांनी अभंग आणि भजने रचून ख्रिस्ताची भक्ती मराठी सुरात आणली. टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी ती पदे मराठी ख्रिस्ती लोक आजही म्हणतात. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राचे संपादनही त्यांनी केले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ती असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम असणाऱ्या कोणालाही त्यात यावे अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. त्यांचे जीवन येथे संपले असते तर त्यांचे नाव टिळकांच्या चरित्रात दोन ओळींपुरते राहिले असते. पण त्यांचे खरे काम पुढेच झाले. मुलाच्या नोकरीमुळे त्या कराचीसारख्या दूरच्या शहरात काही वर्षे राहिल्या. टिळक ‘ख्रिस्तायन’ नावाचे, येशू ख्रिस्ताच्या चरित्राचे महाकाव्य लिहीत होते. त्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. ते अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. लग्नानंतर मुळाक्षरे गिरवलेल्या बाईने पंडित नवऱ्याचे महाकाव्य पुरे करावे, याला काय म्हणावे!

‘स्मृतिचित्रे’ कसे झाले तेही सांगते. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. म्हणून त्यांनी आईला सांगितले की, तुझ्या आठवणी जशा येतील तशा लिहून दे. आईने लिहायला घेतले. मुलाच्या लक्षात आले की, हे साहित्य दुसऱ्या पुस्तकात घालण्याचे नव्हे. हेच मुळी पुस्तक आहे. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. एकूण चार भाग झाले, आणि शेवटचा निघण्यापूर्वीच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना हयातीतच मिळाला होता. पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. पहिले १९५० साली निघाले, आणि शांता गोखले यांनी केलेले २०१७ साली.

या पुस्तकात असे आहे तरी काय? मोठे शब्द नाहीत, उपदेश नाही. ओटीवर बसून बाई बोलते तसे ते आहे. स्वतःची फजिती झाली तर ती मीठमसाला न लावता सांगितली आहे. नवऱ्याशी झालेली भांडणे आहेत, भांडणानंतरचे हसणे आहे. घरात दाणा नाही आणि पाहुणे दारात, असे प्रसंग तर कितीतरी. आणि या सर्वांच्या तळाशी देवावरची श्रद्धा आहे, पण ती देव्हाऱ्यात जपून ठेवलेली नाही. भाकरी थापताना आणि दुसऱ्याचे पोर मांडीवर घेताना ती दिसते. ख्रिस्ती लोकांचे जीवन कसे असते, ते काय मानतात, हे जाणून घ्यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी शास्त्रार्थाची पुस्तके उघडण्याआधी हे पुस्तक उघडावे, असे मला वाटते.

गोडी लागली तर पुढे वाचण्यासारखे पुष्कळ आहे. मराठीतले ख्रिस्ती साहित्य आजकालचे नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात मराठी शिकून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ सालची कादंबरी विधवांच्या हालांविषयी आहे, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या प्रवासाचे पुस्तक १८८९ चे. तेथल्या बायका संस्था कशा चालवतात ते त्यात आहे, तेव्हा आपल्यासारख्या मंडळांनी ते अवश्य पाहावे. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सोप्या मराठीत लिहिले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हेच दिब्रिटो २०२० साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादच्या (आता धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ते २०२४ साली निवर्तले. आणि मराठवाड्यातच, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली होती. म्हणजे हा इतिहास आपल्या अंगणाबाहेरचा नाही.

आता आरंभीच्या शंकेकडे येते. दुसऱ्याच्या धर्माचे पुस्तक वाचल्याने आपला धर्म जात नाही. आपली श्रद्धा इतकी कच्ची असेल की एका पुस्तकाने ती मोडेल, तर ती मुळातच तपासून पाहायला हवी. लक्ष्मीबाई पाच वर्षे नवऱ्याच्या मताला बधल्या नाहीत, आणि मत बदलले तेव्हा नातलगांनाही बधल्या नाहीत. माहेरच्या माणसांवरचे त्यांचे प्रेम शेवटपर्यंत आटले नाही. आपण बदललो म्हणून त्यांनी जुन्या घराला नावे ठेवली नाहीत. आजच्या दिवसांत धर्माच्या नावाने शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. इस्लापूरसारख्या गावात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशा कितीतरी बोलींच्या आणि निरनिराळ्या देवांच्या बायका एकाच बाजारात भाजी घेतात. आपल्याला एकमेकींची मने कळायला हवीत, आणि मन कळण्यासाठी एकमेकींची पुस्तके वाचण्यासारखा सोपा उपाय नाही.

दुसरी एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात की, आमचे शिक्षण थोडे, आम्हांला काय लिहिता-वाचता येणार? माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. लक्ष्मीबाईंनी तर शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. खरे बोलण्याची हिंमत आणि माणसांवर माया, एवढ्या भांडवलावर त्यांनी लिहिले.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटासाठी ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत घ्यावी. पुस्तक मोठे आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. दर आठवड्याच्या बैठकीत जिचे वाचन स्पष्ट असेल तिने थोडे थोडे मोठ्याने वाचावे, इतरींनी ऐकावे. पावसाळ्यात पोथी लावतो तसेच. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लाभ होईल, आणि वाचून झाल्यावर बोलायला विषय मिळेल तो वेगळाच. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ते सहज पुरे होईल.

मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, ही सदिच्छा व्यक्त करून लेखणी आवरती घेते.